दहाव्या मिनिटाला बंद पडणारा पीसी: इंदूरच्या रामबागेतलं एक ग्राफिक्स कार्ड प्रकरण

रामबागेतलं जुनं घर, पहिल्या मजल्यावर रस्त्याकडची खोली, भिंतीला टेकवलेलं टेबल आणि टेबलाखाली २०१६ साली जुळवून घेतलेला पीसी. बाबांनी तो हिशेबाच्या कामासाठी घेतला होता. आता त्यावर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलाचा कब्जा आहे. त्याला त्यावर सायबरपंक २०७७ आणि फोर्झा होरायझन ५ हे दोन गेम सेकंदाला ६० फ्रेमच्या आसपास खेळायचे होते. बजेट ३०,००० रुपये, महिना मे, साल २०२४. कार्ड आणलं, बसवलं, गेम सुरू झाला आणि दहाव्या मिनिटाला पीसी खटकन बंद. "बाबा, कार्ड खराब निघालं वाटतं," हा मुलाचा निष्कर्ष. कार्ड अगदी ठीक होतं.

यंत्र काय होतं ते आधी नीट पाहू. प्रोसेसर इंटेल कोअर आय५-६५००, म्हणजे ४ कोअर, ४ थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारी कामं), ६५ वॅट. बोर्ड एच११० चिपसेटचा, रॅमचे दोनच स्लॉट. त्यातल्या एकात ८ जीबीची डीडीआर४ पट्टी, दुसरा आठ वर्षं रिकामा. १ टीबीची फिरती हार्डडिस्क, तिच्यावर जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं विंडोज १०. मॉनिटर २० इंची, १६०० बाय ९०० चा, मागे फक्त व्हीजीए सॉकेट. यूपीएस ६०० व्हीएचा. एसएमपीएसवर, म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांना वीज देणाऱ्या पॉवर सप्लायवर, मोठ्या अक्षरांत '४५०' छापलेलं. आणि कार्ड जीटीएक्स ७५० टीआय, २ जीबी.

हे ७५० टीआय फेब्रुवारी २०१४ मध्ये आलं आणि नंतरही कितीतरी घरगुती पीसींत बसलं. त्याची खुबी अशी की ते ६० वॅटमध्ये चालायचं. पीसीआय एक्सप्रेसच्या स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज मिळते, त्यामुळे या कार्डाच्या बऱ्याच मॉडेलांना वेगळी पॉवर केबल लागतच नसे. एसएमपीएस कसाही असो, काम भागायचं. आठ वर्षं त्या एसएमपीएसची परीक्षाच झाली नाही, आणि न झालेल्या परीक्षेला घरात सगळे 'पास' समजत होते.

कार्डाची निवड

मुलगा आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये गेला आणि एएमडीचं आरएक्स ६६००, ८ जीबी, नवं सीलबंद घेऊन आला. निवड चांगली होती, हे आधीच सांगायला हवं. का चांगली, ते पाहताना बाजारातले बाकीचे पर्याय या बोर्डावर कुठे अडतात तेही कळतं.

एच११० बोर्डाचा मोठा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस ३.० चा आहे. आरएक्स ६५०० एक्सटी तेव्हा स्वस्तात मिळायचं, पण त्या कार्डाला लेन, म्हणजे माहिती जायच्या वाटा, फक्त ४. पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीच्या बोर्डावर ते खपून जातं. तिसऱ्या पिढीच्या स्लॉटवर मात्र त्याची वाट निम्मी होते, आणि मेमरी जेमतेम ४ जीबी असल्याने ती भरली की गेम धक्के खायला लागतो. इंटेलच्या आर्क कार्डांची किंमत मोहात पाडते, पण त्यांना रिसायझेबल बार नावाची सोय (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) लागते. ती या वयाच्या बोर्डात नाही, आणि तिच्याशिवाय ही कार्डं बरीच मंदावतात. आरटीएक्स ३०६० चांगलंच, पण १७० वॅट ओढतं आणि नवं घ्यायचं तर बजेटबाहेर. सेकंडहँड जीटीएक्स १६६० सुपर किंवा आरएक्स ५८० घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग थांबल्यावर रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डं पुसूनबिसून बाजारात आली. शिवाय आरएक्स ५८० च्या नावाने '२०४८ एसपी' असा एक प्रकार विकला जातो. तो प्रत्यक्षात ५७० च्या तोडीचा आहे. विकत घेण्याआधी जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवून शेडरची (कार्डातल्या छोट्या गणन-घटकांची) संख्या बघावी. खऱ्या ५८० मध्ये ती २३०४ असते.

आरएक्स ६६०० ला लेन ८ आहेत. तिसऱ्या पिढीच्या स्लॉटवर त्यातून सेकंदाला साधारण ८ जीबी माहिती जाते, आणि मेमरी ८ जीबीच्या आत राहिली तर तोटा थोडाच होतो. वीज १३२ वॅट, पॉवरसाठी एक ८ पिनी सॉकेट. एसएमपीएस बदलायचाच नसता, तर या घरासाठी प्रामाणिक सल्ला वेगळा असता: आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं रूप. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं हे कार्ड ७० वॅटचं आहे आणि त्याच्या बहुतेक मॉडेलांना वेगळी केबल लागत नाही. ते ६६०० पेक्षा हळू आहे, पण जुन्या डब्यात गुमान बसतं.

दुकानात मुलाने विचारलं होतं, एसएमपीएस चालेल ना? उत्तर आलं, "भिया, चल जाएगा," आणि सोबत १२० रुपयांचा दोन मोलेक्सचा (जुन्या ४ पिनी पॉवर प्लगांचा) एक ८ पिनी करणारा अडॅप्टर.

पहिल्या संध्याकाळी

पहिली अडचण डिस्प्लेची. नव्या कार्डावर फक्त एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरला फक्त व्हीजीए. दीडशे रुपयांची एचडीएमआय ते व्हीजीए केबल लावली तर पडदा काळाच. त्या केबलमध्ये आत नुसत्या तारा असतात. एचडीएमआय डिजिटल, व्हीजीए अ‍ॅनालॉग, मध्ये रूपांतर करणारी चिप नसेल तर काहीच दिसणार नाही. मग मॉनिटरची केबल बोर्डाच्या मागच्या व्हीजीएला लावून पाहिली. तिथेही अंधार, कारण स्लॉटमध्ये कार्ड दिसलं की बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) बहुधा प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आपोआप बंद करतं. दुसऱ्या दिवशी चिप असलेला कन्व्हर्टर आणला आणि चित्र आलं.

त्यानंतर गेम. मेनू चालला, शहरात गाडी फिरली, आणि दहा मिनिटांच्या आत पीसी बंद होऊन स्वतःच पुन्हा सुरू झाला. निळा पडदा नाही, चित्र फाटणं नाही, कसलाही संदेश नाही. हे लक्षण महत्त्वाचं आहे. कार्डाची मेमरी बिघडली तर पडद्यावर चौकोन, रेघा, भलतेच रंग दिसतात. ड्रायव्हर कोसळला तर गेम बंद होतो पण डेस्कटॉप राहतो. इथे अख्खं यंत्र एका क्षणात मेलं होतं.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या नोंदींत 'कर्नल-पॉवर ४१' सापडली. ही नोंद एरवीही येते, लाईट गेली तरी येते. तिच्या तपशिलात बगचेककोड नावाची ओळ असते, खरं बघायचं ते तिथे. निळा पडदा येऊन गेला असेल तर तिथे काही आकडा असतो. इथे शून्य होतं. म्हणजे विंडोजला तक्रार लिहायलाही वेळ मिळाला नाही, पायाखालची वीजच गेली.

मग दोन सोप्या चाचण्या. तापमानाची नोंद फाइलमध्ये ठेवून गेम चालवला. बंद पडायच्या आधीच्या सेकंदाला कार्ड ६८ अंशांवर होतं, म्हणजे उष्णता नव्हे. दुसरी चाचणी जास्त बोलकी: एएमडीच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमला ३० ची मर्यादा घातली. तासभर खेळूनही पीसी बंद पडला नाही. मर्यादा काढली की पुन्हा दहा मिनिटांत खलास. फ्रेम अर्ध्या झाल्या की कार्डाची विजेची भूकही उतरते. कार्डच बिघडलेलं असतं तर असा सरळ हिशेब दिसला नसता.

स्टिकर वाचणं

एसएमपीएस बाहेर काढून उजेडात धरला. हातात हलका लागला, हीच पहिली खूण. चांगल्या एसएमपीएसमध्ये तांबं आणि अॅल्युमिनियम जास्त असतं, ते वजनात कळतं. स्टिकरवर बारीक अक्षरांत तक्ता: +३.३ व्होल्टला २२ अँपिअर, +५ व्होल्टला ३०, +१२ व्होल्टला १६. गुणाकार केला तर ३.३ चे ७३ वॅट, ५ चे १५०, १२ चे १९२. सगळी बेरीज ओढूनताणून ४५० च्या जवळपास जाते. फक्त आजच्या पीसीत प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवर जगतात. ५ आणि ३.३ व्होल्टची जी २२० वॅटची श्रीमंती छापली आहे, तिला कोणी गिऱ्हाईकच नाही.

आता खर्चाची बाजू. कार्ड १३२, प्रोसेसर ६५, बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून ३० ते ३५. म्हणजे साधारण २३० वॅट, त्यातला बहुतेक भार १२ व्होल्टवर, आणि छापील मर्यादा १९२. वर कार्डाच्या क्षणिक उसळ्या वेगळ्या. जुन्या ७५० टीआयच्या काळात हाच हिशेब ६० अधिक ६५ अधिक ३५, म्हणजे १६० वर थांबत होता. म्हणून तो चालत होता, एवढंच.

मल्टिमीटरने पडताळा केला. बोर्डाचं सॉफ्टवेअर जे १२ व्होल्ट दाखवतं त्यावर स्वस्त बोर्डांत फार विसंबू नये. मोकळ्या मोलेक्स प्लगमध्ये काळी काडी काळ्या तारेच्या पिनेला, लाल काडी पिवळ्या तारेच्या पिनेला. डेस्कटॉपवर ११.९ आलं. गेम चालू असताना ११.२ पर्यंत घसरलं. एटीएक्स या पीसीच्या एसएमपीएसच्या मानकानुसार १२ व्होल्टची लाईन ५ टक्के वर-खाली चालते, म्हणजे ११.४ ते १२.६. खालची हद्द ओलांडली होती.

आणि तो अडॅप्टर. बोट लावलं तर प्लग चांगलाच गरम, एका पिवळ्या तारेचं आवरण पिनेपाशी मऊ पडून किंचित चमकत होतं. अडॅप्टरला दोन मोलेक्स असतात ते भार दोन केबलींवर वाटला जावा म्हणून. इथे दोन्ही प्लग एकाच माळेतले होते. एसएमपीएसमधून निघणारी पिवळी तार एकच, पुढे तिच्यावर चार मोलेक्स ओवलेले. तिच्यातून केबलच्या वाट्याचे ८०-९० वॅट, म्हणजे ७ अँपिअरच्या पुढे, आणि त्यात जुन्या सैल पिना. सैल पिनेचा रोध वाढतो, रोधाने उष्णता, उष्णतेने पीन आणखी सैल. ही साखळी जळण्यापाशी संपते. साटाच्या, म्हणजे डिस्कला वीज देणाऱ्या, प्लगवरून कार्डाला वीज देणारे अडॅप्टर तर याहून वाईट. साटाच्या प्लगची १२ व्होल्टची क्षमता साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅटच आहे. कार्डाच्या पेटीत असा अडॅप्टर मिळाला तरी तो वापरू नये, हे आमचं ठाम मत.

एसएमपीएस बदलताना

५५० वॅट, ८० प्लस ब्रॉन्झ या कार्यक्षमतेच्या दर्जाचा नवा एसएमपीएस आला. स्टिकरवर १२ व्होल्टला ४२ अँपिअर, म्हणजे ५०४ वॅट. जुन्याशी तुलना करायची ती ४५० आणि ५५० ची नव्हे, १९२ आणि ५०४ ची.

काम अर्ध्या तासाचं, पण एक जागा धोक्याची आहे. नव्या एसएमपीएसमधून दोन सारखे दिसणारे ८ पिनी प्लग निघतात. एक ४ अधिक ४ असा फुटतो, तो प्रोसेसरचा. दुसरा ६ अधिक २ असा फुटतो, तो कार्डाचा. दोन्हींत १२ व्होल्ट आणि अर्थिंगच्या ओळी उलट्या आहेत. प्लास्टिकचे खाचे वेगळे असल्याने चुकीचा प्लग सहजी जात नाही, पण जोर लावून घालणारे भेटतात आणि मग कार्ड किंवा बोर्ड जातं. एच११० च्या या बोर्डावर प्रोसेसरचं सॉकेट ४ पिनी होतं. ४ अधिक ४ मधला अर्धा भाग लावला, अर्धा मोकळा सोडला. केबली सुट्या होणारा एसएमपीएस असेल तर एकाच्या केबली दुसऱ्याला लावू नयेत. कार्डाकडचं टोक सारखं असलं तरी एसएमपीएसकडच्या टोकाची जुळणी प्रत्येक कंपनीची वेगळी.

याच वेळी एक जुनी तक्रार बाहेर आली. आई म्हणाल्या, "त्या डब्याला ओला हात लागला की झिणझिण्या येतात." भिंतीतल्या सॉकेटचं अर्थ तपासलं तर फेज आणि न्यूट्रलमध्ये २३२ व्होल्ट, फेज आणि अर्थमध्ये ९० च्या आसपास, तेही हलतं. म्हणजे तिसऱ्या भोकामागे तारच नव्हती. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थ नसलं की पत्र्यावर निम्मा दाब तरंगत राहतो. प्रवाह थोडाच असतो, म्हणून झिणझिण्यांवर भागतं. पण चालू पीसीत एचडीएमआय काढ-घाल करताना हाच दाब कार्डाच्या पोर्टातून वाट काढू शकतो. इलेक्ट्रिशियनने खाली मीटरपासून हिरवी तार ओढून दिली. त्यानंतर न्यूट्रल आणि अर्थमध्ये २ व्होल्टच्या आत आलं. वीस हजारांचं कार्ड लावायच्या आधी दोनशे रुपयांच्या मल्टिमीटरने हे बघून घ्यावं. जुन्या वाड्यांतून तर नक्कीच.

कार्ड बसवताना आणखी दोन गोष्टी झाल्या. कॅबिनेटमध्ये हार्डडिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत २५४ मिलिमीटर जागा होती, म्हणून २४० चं कार्ड बसलं. तीन पंख्यांचं मॉडेल घेतलं असतं तर पिंजरा कापावा लागला असता. आणि कार्डाच्या पोटाखाली बोर्डाचे दोन साटा पोर्ट झाकले गेले. तिथे काटकोनी टोकाची साटा केबल घालावी लागली, तीही कार्ड बसवायच्या आधी.

एसएसडी आणि विंडोज

हार्डडिस्कवरचं विंडोज लेगसी पद्धतीचं होतं. ते रूपांतरित करता येतं, विंडोज १० मध्येच त्याचं एमबीआर-टू-जीपीटी हे साधन आहे. पण आठ वर्षांचा कचरा कशाला वाहायचा? ५०० जीबीचा साटा एसएसडी घेऊन, बायोसमध्ये सीएसएम (लेगसी पद्धतीची सोय) बंद करून, युईएफआय या नव्या पद्धतीने कोरं विंडोज टाकलं. सायबरपंकच्या २.० अपडेटनंतर तर एसएसडी ही त्या गेमची किमान अटच आहे.

जुनंच विंडोज ठेवणाऱ्यांसाठी: एनव्हिडियावरून एएमडीवर जाताना जुना ड्रायव्हर मुळासकट काढावा. इंटरनेटची केबल काढून, सेफ मोडमध्ये, डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर चालवावा. नेट चालू ठेवलं तर विंडोज मधेच स्वतःच्या मनाने एखादा जुना ड्रायव्हर टाकून मोकळं होतं.

आता अडखळणं

पीसी बंद पडायचा थांबला. तीन तास खेळून झालं. पण शहरातल्या गर्दीच्या चौकात गाडी वळवली की चित्र अर्धा-पाव सेकंद थिजायचं. पडद्यावर कोपऱ्यात आकडे लावले तर चौकात कार्ड ६० ते ६५ टक्के कामात आणि प्रोसेसरचे चारही थ्रेड शंभरावर. कार्ड हात बांधून वाट बघत होतं.

इथे बरेच जण ग्राफिक्सची सेटिंगं खाली आणतात. काही उपयोग होत नाही, उलट वाईट होतं: कार्डाचं काम कमी झालं की प्रोसेसरवर आणखी फ्रेम मागितल्या जातात. प्रोसेसरचं ओझं कमी करणारी सेटिंगं वेगळी असतात. या गेममध्ये 'क्राउड डेन्सिटी' (रस्त्यावरची गर्दी) खाली आणली, रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचं जड गणित) बंद ठेवलं. टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं) मात्र 'हाय'वरच, कारण ८ जीबी मेमरीला ते झेपतं आणि प्रोसेसरला त्याचं फारसं काही नसतं. फोर्झा अशा बाबतीत बराच सोशिक निघाला, त्याबद्दल वेगळं लिहिण्यासारखं काही नाही.

मग रॅम. ८ जीबीची एकच पट्टी म्हणजे प्रोसेसरला मेमरीकडे जायला दोनपैकी एकच रस्ता उघडा. दुसरी ८ जीबीची पट्टी घातली, सीपीयू-झेडमध्ये 'ड्युअल' दिसलं. पट्टी बाजारात ३२०० ची मिळाली, पण या प्रोसेसर-बोर्डावर ती २१३३ लाच चालते. त्यात बिघडत काही नाही, जास्त वेगाच्या पट्टीला जास्त पैसे मात्र देऊ नयेत. खरेदीआधी जुनी पट्टी काढून बघावी. सहाव्या पिढीच्या काही एच११० बोर्डांवर डीडीआर३ चे स्लॉट होते. चौकातलं थिजणं बरंच कमी झालं, संपलं नाही.

उरलेला उपाय प्रोसेसरचा. सायबरपंकच्या आताच्या किमान अटींत इंटेलकडून आय७-६७०० लिहिलेला आहे, १२ जीबी रॅम आणि ६ जीबीच्या जीटीएक्स १०६० बरोबर. योगायोगाने हाच प्रोसेसर या बोर्डावर जसाच्या तसा बसतो: ४ कोअर पण ८ थ्रेड, तेच ६५ वॅट. आय७-७७०० ही चालतो, पण त्याआधी जुन्या प्रोसेसरवरच बायोस अपडेट करून घ्यावं लागतं, नाहीतर पडदा काळा. आठव्या पिढीच्या प्रोसेसरांचं सॉकेट नावाने एलजीए ११५१ च आहे, दिसायलाही तसंच, पण या बोर्डावर ते चालत नाहीत. 'सेम सॉकेट है' म्हणून आय५-८४०० गळ्यात मारणारे असतात, त्यापासून जपावं.

सेकंडहँड आय७-६७०० दुकानातच दुसऱ्या बोर्डावर चालू करून दाखवायला सांगितला. पिना प्रोसेसरला नसून बोर्डाच्या सॉकेटात असतात. प्रोसेसर सरळ वरून अलगद ठेवायचा, सरकवायचा नाही. एक पीन वाकली तर रॅमचा एक स्लॉट मरतो किंवा बोर्डच बसतं. थर्मल पेस्ट मुगाच्या दाण्याएवढी मधोमध. कूलरच्या चार खुंट्या समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या आणि प्रत्येकीचा 'टक' ऐकायचा. पहिल्या वेळी एक खुंटी अर्धवट राहिली आणि प्रोसेसर पाच मिनिटांत ९८ अंशांवर गेला. बोर्ड मागून पाहिलं तर तिचं काळं टोक बाहेरच आलं नव्हतं. ती नीट बसवल्यावर गेममध्ये ७० च्या घरात.

मे महिना आणि लाईट

दुपारी त्या खोलीत ३८ अंश असायचे. कार्ड खोलीच्या तापमानाच्या वर तापतं, त्यामुळे थंड प्रदेशातल्या चाचण्यांचे आकडे इथे लागू करू नयेत. दुपारी कार्ड ८० अंश, त्यातला सर्वांत तापलेला बिंदू ९६. या कार्डाच्या त्या बिंदूची मर्यादा ११० आहे, म्हणजे धोका नव्हता, पण पंखे किंचाळत होते. डबा भिंतीपासून सहा इंच पुढे ओढला, समोर १२० मिलिमीटरचा एक पंखा आत हवा ओढणारा लावला, आणि कार्डाचा व्होल्टेज ड्रायव्हरमधून ११५० मिलिव्होल्टवरून २५-२५ च्या पायऱ्यांनी ११०० वर आणला. प्रत्येक पायरीला अर्धा तास गेम. १०७५ वर ड्रायव्हर कोसळला, म्हणून ११०० वर थांबले. दुपारचा आकडा ७३ वर आला. त्याच सॉफ्टवेअरमध्ये दिसणारे ९०-१०० वॅट हे चिपचे असतात, पूर्ण कार्डाचे नव्हे. एसएमपीएसचा हिशेब १३२ धरूनच करावा.

जूनमधल्या पहिल्या वादळी संध्याकाळी लाईट गेली आणि पीसीही गेला. यूपीएस असून. ६०० व्हीए म्हणजे ३६० वॅट. भिंतीतून पीसी साधारण २८० ओढतो, मॉनिटर २५. कागदावर बसतं, पण चार वर्षांची बॅटरी तेवढा भार येताच बसते. त्यात बॅटरीवर असताना असा यूपीएस पायऱ्यापायऱ्यांची लहर देतो, आणि नव्या एसएमपीएसमधल्या अ‍ॅक्टिव्ह पीएफसीला (वीज समतोल ओढणाऱ्या सर्किटला) ती नेहमी मानवतेच असं नाही. डेस्कटॉपवर यूपीएसचा प्लग काढून पाहिला तेव्हा पीसी तगला होता, म्हणून सगळे निर्धास्त होते. ही चाचणी गेम चालू असतानाच करायची. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची नवी बॅटरी घातली आणि गेमला ६० फ्रेमची मर्यादा लावली. मॉनिटर ६० हर्ट्झचाच, वरच्या फ्रेम दिसणारच नाहीत. आता लाईट गेल्यावर गेम सेव्ह करून पीसी बंद करण्याइतकी मिनिटं मिळतात. खेळत राहायचं असेल तर १००० व्हीए लागेल.

पैशांचं गणित

कार्ड २०,५००, एसएमपीएस ४,२००, एसएसडी ३,२००, रॅम १,७००, कन्व्हर्टर ४५०. इथेच बजेट संपलं. प्रोसेसर ५,५०० ला आला, जुना आय५ २,००० ला गेला, ७५० टीआयचे २,५०० आले, त्यात पंखा, बॅटरी आणि इलेक्ट्रिशियनही भागले. बजेटवर साधारण साडेतीन हजार जास्त. कार्डाचं पक्कं बिल सिरियल नंबरसह घेतलं होतं. सिरियल नसलेलं बिल वॉरंटीच्या वेळी कामाला येत नाही.

मॉनिटर दिवाळीवर ढकलला. तोवर ९०० च्या पडद्यावर एएमडीच्या व्हर्च्युअल सुपर रिझोल्यूशनने १०८०पी चं चित्र काढून दाखवलं जातं. कार्डालाही थोडं काम मिळतं.

यापुढे या बोर्डावर काही वाढवण्यासारखं नाही. सहाव्या पिढीचे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पुढची खरेदी बोर्ड-प्रोसेसरची असेल. त्या वेळी डीडीआर४ चालवणारं बोर्ड निवडलं तर कार्ड, एसएमपीएस, एसएसडी आणि दोन्ही पट्ट्या तशाच उचलून पुढे नेता येतील. जुना एसएमपीएस भंगारवाल्याला दिला, मोलेक्सची माळ आधी कात्रीने कापून.